उंच इमारतीचं गंजलेलं आरसीसी रिपेअर करताना: नवीन लोकांसाठी पहिल्या टकटकीपासून शेवटच्या कोटपर्यंत

काँक्रीटचा पोपडा निघाला, आतली सळई तांबडी दिसायला लागली, मिस्त्रीने समोरून वायर ब्रश फिरवला, वरून माल थापला, रंग मारला आणि बिल निघालं. दोन-तीन वर्षांनी तोच पॅच शेजारचं चांगलं काँक्रीट सोबत घेऊन खाली येतो. आरसीसी रिपेअरची जी कामं फेल जातात त्यातली बरीचशी या पठडीतली असतात आणि गंमत म्हणजे त्यात माल बऱ्याचदा चांगलाच वापरलेला असतो. घोळ मालाची गोणी फोडायच्या आधीच झालेला असतो, एकतर गंज कशामुळे आला हे कोणी बघितलेलं नसतं नाहीतर सळईच्या मागे कोणी गेलेलंच नसतं.

हे लिहितोय ते नवीन साइट इंजिनिअर, सुपरवायझर आणि ज्यांच्या इमारतीचं काम निघालंय अशा लोकांसाठी. लोड किती, टेकू कुठे आणि किती मजले, कुठली सळई किती वाढवायची हे स्ट्रक्चरल इंजिनिअरनेच ठरवायचं असतं, इथे वाचून कोणी कॉलम फोडायला घेऊ नका.

गंज येतो कसा, एवढं तरी माहीत पाहिजे

चांगल्या काँक्रीटच्या आत पीएच साधारण १२.५ ते १३.५ असतो आणि एवढ्या अल्कलाइन वातावरणात सळईवर ऑक्साइडचा एक अतिशय पातळ थर तयार होतो, तोच तिला गंजू देत नाही. हा थर मुख्यतः दोन कारणांनी जातो.

पहिलं कार्बोनेशन. हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू आत शिरतो, काँक्रीटचा पीएच ९ च्या खाली आणतो, आणि ही सीमा सळईपर्यंत पोचली की संरक्षण संपलं. ही खोली ढोबळमानाने वेळेच्या वर्गमुळाच्या हिशोबात वाढते, म्हणजे १० वर्षांत १० मिलिमीटर आत गेली असेल तर २० मिलिमीटर जायला साधारण ४० वर्षं लागतात. हाच हिशोब उलटा लावून बघा, बांधताना कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, निम्मं मिळालं असेल तर त्या सळईची मुदत पाव होते. म्हणून एकाच बीममध्ये एक रिंग (मुख्य सळयांभोवतीचा सळईचा वेढा) पूर्ण गंजलेली आणि शेजारची ठणठणीत असं दिसतं, पहिलीला कव्हर ब्लॉक (सळई साच्यापासून दूर ठेवणारा ठोकळा) लागलेला नसतो इतकंच.

दुसरं क्लोराइड. समुद्राची खारी हवा, बर्फ वितळवायला टाकलेलं मीठ, न धुतलेली समुद्राची वाळू, किंवा काँक्रीट लवकर सेट व्हावं म्हणून पूर्वी सर्रास घालायचे ते कॅल्शियम क्लोराइड, यातून ते येतं. क्लोराइडला पीएच खाली आणायची गरज पडत नाही, ते संरक्षक थर ठिकठिकाणी फोडतं आणि सळईला खड्डे पाडतं. ही केस जास्त फसवी असते कारण बाहेरून बारीक भेग दिसते आणि आत सळई एकाच जागी अर्धी झालेली असू शकते.

गंजाचं आकारमान मूळ लोखंडाच्या २ ते ६ पट असतं, तो आतून ढकलतो, आधी सळईच्या रेषेत भेग येते, मग कव्हर सुटतं. पण काँक्रीट सतत ओलं असेल आणि आत ऑक्सिजन कमी पोचत असेल तर काळपट गंज होतो जो फारसा फुगत नाही, त्यामुळे ना भेग ना पोपडा, नुसता काळा-हिरवट ओघळ. असा ओघळ दिसला तर पोपडा पडायची वाट बघू नका, तिथे उघडून बघा.

पायरी पहिली: वाजवा, ऐका, खडूने मार्क करा

साधा छोटा हातोडा घ्या आणि पृष्ठभाग वाजवत जा. घट्ट काँक्रीट टणटणीत वाजतं, हातोडा उसळून परत येतो. सुटलेलं कव्हर बद्द वाजतं आणि हातोडा जागीच मरतो, एकदा कानाला फरक कळला की मग चुकत नाही. बद्द आवाज जिथे संपतो तिथे थांबायचं नाही, पुढे वीतभर अजून वाजवायचं आणि मगच खडूची रेघ मारायची. बाहेर प्लास्टर असेल तर एक गोंधळ होतो, प्लास्टर सुटलंय की काँक्रीट हे आवाजावरून सांगता येत नाही, तिथे थोडं प्लास्टर काढून आतल्या काँक्रीटवर परत वाजवावं लागतं. वाजवताना जो तुकडा हलतोय तो तेव्हाच हाताने काढून घ्यायचा, वीस मजल्यांवरून मुठीएवढा तुकडा पडला तरी खालचा माणूस वाचत नाही.

ड्रोनने फोटो काढले म्हणजे सर्व्हे झाला असं हल्ली बरेच जण धरून चालतात. ड्रोनला भेगा, ओघळ, उघडी सळई दिसते, पोकळी दिसत नाही. कुठे झुला (वरून दोरांवर लटकणारा कामाचा पाळणा) लावायचा हे ठरवायला ड्रोन मस्त आहे, पण हात लावून वाजवण्याला पर्याय नाही.

प्रत्येक बाजूचं एलिव्हेशन (समोरून दिसणारं ड्रॉइंग) प्रिंट करून त्यावर मजला आणि मेंबरचा, म्हणजे त्या कॉलम, बीम किंवा स्लॅबचा, नंबर टाकून नोंद ठेवा, लांबी-रुंदी लिहा, फोटोत मेंबरचा नंबर दिसला पाहिजे. आणि एक गोष्ट कामाच्या मालकांना पहिल्या मीटिंगमध्येच सांगून टाका की उघडल्यावर काम वाढतं, बाहेरून एक हात दिसलेला पॅच आत दोन-अडीच हात निघणं नेहमीचं आहे. म्हणून अशा कामाचं टेंडर मोजमापावर, आयटम रेटने असावं, एकरकमी ठोक दिलं की कॉन्ट्रॅक्टर खडूच्या रेघेपुढे छिन्नी नेणारच नाही, आणि त्याला दोष तरी काय द्यायचा.

पायरी दुसरी: टेस्ट, पण कशासाठी करतोय ते कळून

कव्हर मीटरने सळई किती खोल आहे ते मोजा. कार्बोनेशनसाठी ताजं फोडलेलं तोंड लागतं, धूळ झटका आणि फिनॉल्फ्थॅलीनचं अल्कोहोलमधलं सोल्युशन फवारा. जिथे अजून अल्कली शिल्लक आहे तिथे झटकन गुलाबी होतं, बिनरंगी राहिलेली पट्टी म्हणजे कार्बोनेट झालेला भाग, ती फूटपट्टीने मिलिमीटरमध्ये मोजा आणि कव्हरच्या शेजारी लिहा. पट्टी १८ आणि कव्हर ३५ म्हणजे अजून वेळ आहे, पट्टी २५ आणि कव्हर १५ म्हणजे सळई उघड्यावरच आहे असं समजा. कालच्या फोडलेल्या तोंडावर किंवा ड्रिलच्या धुळीने माखलेल्या भोकात फवारून उपयोग नाही, आकडा भलताच येतो.

क्लोराइडसाठी वेगवेगळ्या खोलीवरून ड्रिलची पावडर घेऊन लॅबला द्यायची. सिमेंटच्या वजनाच्या ०.४ टक्के हा आकडा धोक्याची रेघ म्हणून सगळीकडे वापरतात. खोलीप्रमाणे सॅम्पल घ्यायचं कारण असं की बाहेर जास्त आणि आत कमी असेल तर क्लोराइड बाहेरून आलंय, सगळीकडे सारखं असेल तर ते मिक्समध्येच होतं आणि मग नुसत्या पॅचने भागणार नाही.

हाफ सेल टेस्टमध्ये कॉपर सल्फेटचा इलेक्ट्रोड काँक्रीटवर टेकवून सळईचं व्होल्टेज मोजतात, एएसटीएम सी ८७६ या अमेरिकन स्टँडर्डप्रमाणे उणे २०० मिलिव्होल्टपेक्षा कमी ऋण आकडा आला तर तिथे गंज चालू नसण्याची शक्यता ९० टक्क्यांच्या वर, उणे ३५० पेक्षा जास्त ऋण आला तर गंज चालू असण्याची शक्यता ९० टक्क्यांच्या वर, मधलं सगळं अनिश्चित. ही टेस्ट गंज कुठे चालू असेल ते सांगते, किती वेगाने चालू आहे ते नाही. रिबाउंड हॅमरबद्दल (उसळीवरून काँक्रीटची ताकद अजमावायचं साधन) एवढंच लक्षात ठेवा की कार्बोनेट झालेला पृष्ठभाग कडक होतो त्यामुळे जुन्या इमारतीत आकडा फसवा चांगला येतो, खात्री करायची तर कोअर, म्हणजे काँक्रीटचा दंडगोल नमुना, काढा.

पायरी तिसरी: पाणी बंद करा

गंजाला पाणी लागतं. गच्चीचं वॉटरप्रूफिंग, बाथरूमच्या खालचा स्लॅब, कुंड्यांचे कट्टे, डक्टमधले गळके पाइप, बाल्कनीचा उलटा उतार, यातलं जे कारण असेल ते आधी किंवा निदान सोबत तरी सुटलं पाहिजे. खालून स्लॅब रिपेअर करून वर गळती तशीच ठेवलेली कामं मी बरीच बघितलीत, सहा महिन्यांत नवीन रंगावर ओल उमटते. फ्लोरिडातल्या सर्फसाइडची चॅम्पलेन टॉवर्स साउथ ही १२ मजली इमारत २४ जून २०२१ ला अर्धवट कोसळली आणि ९८ माणसं गेली, तिच्या २०१८ च्या इंजिनिअरच्या रिपोर्टमध्ये पूल डेकचं वॉटरप्रूफिंग निकामी झालंय आणि त्यामुळे खालच्या स्लॅबचं मोठं नुकसान होतंय असं लिहिलेलं होतं. कोसळण्याला एकटं तेच कारण असं म्हणायचं नाहीये, पण गळतीचा रिपोर्ट फायलीत पडून राहणं किती महागात जाऊ शकतं याचा अंदाज यावा.

पायरी चौथी: टेकू आणि उंचीवरची सुरक्षा

कॉलम किंवा बीमचं काँक्रीट फोडलं की त्याच्या वाटणीचा भार उरलेल्या भागावर जातो. नंतर भरलेला नवीन माल आपोआप तो भार परत घेत नाही, तो बराचसा रिकामाच बसून राहतो. म्हणून जिथे स्ट्रक्चरल भाग फोडायचाय तिथे आधी टेकू लावून भार काढून घ्यायचा, मग फोडायचं, मग भरायचं, आणि मालाला पुरती ताकद आल्यावर टेकू सोडायचे. उंच इमारतीत प्रश्न असा येतो की टेकू ज्या स्लॅबवर उभा राहतो तो स्लॅब काही एवढ्या भारासाठी केलेला नसतो, त्यामुळे टेकू खाली कितीतरी मजले, एकाखाली एक, एकाच रेषेत न्यावे लागतात. किती मजले हे इंजिनिअर लिहून देईल. शेजारशेजारचे दोन कॉलम एका वेळी फोडायचे नाहीत, यात घासाघीस नाही.

बाल्कनीवर जरा थांबा, कारण नवीन लोक इथे हमखास गोंधळतात. कँटिलिव्हर (एकाच बाजूने धरलेल्या) बाल्कनीची मुख्य सळई वरच्या बाजूला असते, खाली नाही. लादीतून पाणी मुरून तीच गंजते आणि खालून बघितलं तर स्लॅब छान गुळगुळीत दिसतो. वरून लादी काढून काँक्रीट फोडायला घेतलं की सळईची पकड सुटते आणि बाल्कनी लटकायला लागते, त्यामुळे खालून टेकू घट्ट झाल्याशिवाय वरची एकही लादी उचलायची नाही. आणि स्लॅब पोस्ट टेन्शन (आत स्टीलच्या केबल ताणून केलेला) असेल तर केबल कुठून जातात हे स्कॅन करून मार्क झाल्याशिवाय ब्रेकर हातात घ्यायचा नाही, ताणलेली केबल तुटली तर तिथल्या माणसाचा जीव जाऊ शकतो.

बाहेरच्या बाजूला झुला, परांची किंवा दोरीवरचं काम, जे असेल ते, पण हार्नेसची लाइफलाइन झुल्याला बांधायची नाही, ती स्वतंत्र अँकरला. झुल्यावर माणसं आणि मालाच्या गोण्या मिळून किती वजन चालेल ते प्लेटवर लिहिलेलं असतं, राडारोडा झुल्यातच साठत गेला की ते कधी ओलांडलं जातं कळत नाही, त्यामुळे तो पोत्यात भरून वेळच्या वेळी खाली. खाली बॅरिकेड आणि येण्याजाण्याच्या वाटेवर भक्कम छप्पर. वारा वाढला की काम बंद, बनवणाऱ्याने दिलेली मर्यादा पाळायची. धूळ सिलिकाची असते, रुमाल चालत नाही, नीट बसणारा रेस्पिरेटर द्या.

पायरी पाचवी: फोडणं, आणि इथेच काम जिंकतं किंवा हरतं

खडूच्या रेघेचा चौकोन करा, वेडावाकडा आकार नको, टोकदार कोपऱ्यात माल श्रिंक होऊन फाटतो. कडेला ग्राइंडरने साधारण १० मिलिमीटर खोल कट मारा म्हणजे पॅचची कड शून्यावर येत नाही, पातळ कड हमखास उचलली जाते. कट मारताना डोकं ठिकाणावर ठेवा, कव्हर कमी असेल तर १० मिलिमीटरवर रिंग लागते आणि चांगली रिंग कापून बसता, कव्हर मीटर परत एकदा फिरवून घ्यायला मिनिटही लागत नाही.

मग फोडायला घ्या, हलक्या ब्रेकरने. जड ब्रेकर लावला की काम लवकर होतं पण मागच्या चांगल्या काँक्रीटला केसासारख्या भेगा पडतात आणि पुढे पॅच तिथूनच सुटतो, म्हणजे बाँड (नव्या मालाची जुन्यावरची पकड) बिचारा चांगला आणि त्याच्या मागचंच काँक्रीट निसटलेलं. शेवटचा थर हाताने छिन्नी मारून, ग्रिट ब्लास्टिंगने किंवा प्रेशरच्या पाण्याने साफ करायचा. सळईवर ब्रेकर टेकवायचा नाही, एका जागी सळई हलली की तिची पकड पुढे चांगल्या काँक्रीटमध्येही सुटते.

आता मुख्य मुद्दा. सळईला गंज असेल तर काँक्रीट तिच्या मागे साधारण २० ते २५ मिलिमीटर मोकळं करायचं, म्हणजे बोटं मागून आरामात फिरली पाहिजेत. समोरून साफ आणि मागून जुन्या काँक्रीटला चिकटलेली सळई म्हणजे अर्धी बरी आणि अर्धी आजारी, त्यातून मागचा गंज तसाच चालू राहतो. तपासायला सोपं साधन म्हणजे छोटा आरसा आणि टॉर्च, आरसा सळईच्या मागे धरा, समोरून चांदीसारखी दिसणारी सळई मागून तांबडी दिसली की मिस्त्रीला परत बोलवा. अजून एक, पांढरं फडकं सळईभोवती गुंडाळून ओढा, तांबडा पट्टा आला तर साफसफाई झालेली नाही. आणि सळईच्या लांबीच्या दिशेने कुठपर्यंत जायचं? गंज संपेल तिथपर्यंत आणि मग चांगल्या सळईवर थोडं पुढे, साधारण ५० मिलिमीटर, खडूची रेघ मागे पडली तरी चालेल, रेघ अंदाज होती.

कॉन्ट्रॅक्टर म्हणेल एवढं फोडलं तर माल दुप्पट लागेल. बरोबर आहे, लागतो. म्हणूनच मोजमाप वर सांगितल्याप्रमाणे ठेवायचं. माल भरायच्या आधी प्रत्येक पॅच इंजिनिअरने बघून सही करायची हा एकच नियम पाळला तरी निम्मी कामं सुधारतील असं माझं मत आहे, भरल्यावर आत काय होतं ते कोणालाच दिसत नाही.

पायरी सहावी: सळई

चकचकीत धातू दिसेपर्यंत साफ करा, ग्रिट ब्लास्टिंग सगळ्यात चांगलं, उंचीवर जमत नसेल तर पॉवर वायर ब्रश. क्लोराइडची केस असेल तर सळईच्या खड्ड्यांत मीठ बसलेलं असतं, तिथे वायर ब्रश पोचत नाही, साफ पाण्याच्या प्रेशरने धुवायला लागतं. रस्ट कन्व्हर्टर नावाच्या बाटल्यांवर मला फार भरवसा नाही, साफ न केलेल्या गंजावर फासून सळई काळी दिसते एवढंच, सफाईची जागा ती घेत नाही.

मग व्हर्नियर लावा आणि व्यास मोजा. १२ मिलिमीटरची सळई १० वर आली तर डोळ्याला २ मिलिमीटरच गेल्यासारखं वाटतं, पण क्षेत्रफळ ११३ वरून ७८.५ चौरस मिलिमीटरवर येतं, म्हणजे जवळपास ३१ टक्के ताकद गेली. हे आकडे मेंबर नंबरसकट इंजिनिअरला द्या, जोडसळई, म्हणजे गेलेल्या ताकदीसाठी सोबत लावायची नवी सळई, किती आणि कुठे हे तो सांगेल. जोडसळई चांगल्या सळईवर लॅप झाली पाहिजे, म्हणजे तिच्या शेजारून ठरावीक लांबी पुढे गेली पाहिजे, लॅप साधारण व्यासाच्या ४० ते ५० पट धरतात, म्हणजे १२ च्या सळईला दोन्ही बाजूला जवळपास अर्धा मीटर किंवा जास्त, आणि तेवढं काँक्रीट उघडावं लागतं. जागा नसेल तर कपलर (दोन सळयांची टोकं जोडणारा तुकडा), किंवा भोक पाडून इपॉक्सी ग्राउटमध्ये सळई बसवणं. भोकाचा व्यास ग्राउट बनवणाऱ्याच्या तक्त्याप्रमाणे घ्या आणि भोक आतून ब्रश मारून फुंकून साफ करायचं, धूळ राहिली तर सळई हाताने निघते.

पायरी सातवी: सळईला कोट, बाँड कोट, आणि पॅचच्या शेजारचा गंज

साफ झालेली सळई तशीच उघडी सोडून घरी जाऊ नका, दमट हवेत रातोरात परत तांबूस होते. त्याच दिवशी अँटी करोझन कोट, झिंक रिच इपॉक्सी किंवा सिमेंट बेस, जे स्पेसिफिकेशनमध्ये असेल ते, मागच्या बाजूलाही, जिथे सळया एकमेकींवर बसतात तिथेही. झिंक इपॉक्सी काँक्रीटवर फासली जाणार नाही याची काळजी घ्या, त्या डागांवर माल चिकटत नाही.

क्लोराइड असलेल्या इमारतीत अजून एक भानगड होते जी नवीन लोकांना कोणी सांगत नाही. पॅच केला, आतली सळई नव्या अल्कलाइन मालात सुरक्षित झाली, पण तिचंच पुढचं टोक जुन्या खारट काँक्रीटमध्ये आहे. पूर्वी पॅचच्या जागची सळई स्वतः गंजून शेजारच्या भागाला वाचवत होती, आता ती कामातून गेली आणि गंज पॅचच्या कडेबाहेर नव्याने सुरू होतो. म्हणून पॅच शाबूत आणि त्याच्याभोवती रिंगण करून काँक्रीट सुटलेलं दिसतं. यासाठी पॅचच्या कडेने झिंकचे सॅक्रिफिशियल अॅनोड सळईला बांधतात, झिंक आधी गंजतं आणि सळई वाचते. अॅनोडची तार बांधायची त्या जागी सळई बिनकोटची आणि चकचकीत हवी, सळया एकमेकींना विजेच्या दृष्टीने जोडलेल्या आहेत का ते मल्टिमीटरने बघा, आणि अॅनोडभोवतीचा माल खूप पॉलिमरवाला, वीज अडवणारा नको. दोन अॅनोडमधलं अंतर डिझाइनप्रमाणे. क्लोराइड इमारतभर असेल तर मग कॅथोडिक प्रोटेक्शनचा (सळईला विजेचा प्रवाह देऊन गंज रोखण्याचा) विचार करायचा, तो वेगळाच विषय आहे.

बाँड कोट म्हणजे नवा माल जुन्याला चिकटावा म्हणून आधी मारायचा थर, त्याचं गणित वेळेचं आहे. एसबीआर लॅटेक्स (दुधासारखं रबरी द्रव) आणि सिमेंटची स्लरी असेल तर ती ओली असतानाच माल बसला पाहिजे, वाळून कडक झाली तर ती बाँड कोट राहत नाही, मधला सुटा थर होते, खरवडून परत मारायची. इपॉक्सी बाँड कोटला डब्यावर वेळ लिहिलेली असते, वाऱ्यात आणि उन्हात ती कमी होते. त्याआधी सिमेंट बेस कोट असेल तर जुनं काँक्रीट रात्रभर ओलं ठेवून वर पाणी साचलेलं नाही अशा अवस्थेत आणायचं, कोरडं राहिलं तर ते मालातलं पाणी पिऊन घेतं.

पायरी आठवी: माल भरणं

पातळ पॅच, उभ्या आणि डोक्यावरच्या बाजू, तिथे पॉलिमर मॉडिफाइड मॉर्टर हाताने. साधारण ५० मिलिमीटरच्या वर जाडी असेल किंवा सळयांची गर्दी असेल तर शटरिंग (साचा) लावून मायक्रो काँक्रीट, म्हणजे आपोआप पसरणारं बारीक काँक्रीट, ओतायचं, हाताने थापलेला माल सळयांच्या मागे पोचत नाही आणि तिथे पोकळी राहते, म्हणजे मागे जाऊन केलेली सगळी मेहनत पाण्यात.

हाताने भरताना पहिली मूठ सळईच्या मागे अंगठ्याने दाबून भरायची, थापीने वरून लेपायचं नाही. डोक्यावरच्या कामात एका वेळी १० ते १५ मिलिमीटरचा थर, थोडा घट्ट झाला की वर टाचे मारून पुढचा. एका दमात जाड भरला की स्वतःच्या वजनाने लोंबतो, वरून दिसत नाही पण आत बारीक फट पडलेली असते आणि दुसऱ्या दिवशी बद्द वाजते.

गोणीवर जेवढं पाणी लिहिलंय तेवढंच, मापाने, मिक्सर पॅडलने. घट्ट झालेला माल पाणी घालून परत हलवायचा नाही, फेकून द्यायचा. झुल्यावर हे जास्त होतं कारण खाली कालवलेला माल वर पोचेपर्यंत वेळ जातो, म्हणून छोटे घाणे करा. मायक्रो काँक्रीटचं शटरिंग पाण्याने भरून गळतंय का बघा, सांध्यातून स्लरी गळली की दगड उघडे पडतात. एका बाजूने ओता म्हणजे हवा दुसऱ्या बाजूने निघेल, दोन्हीकडून ओतलं तर हवा मध्ये अडकते.

माल जितका स्ट्राँग तितका चांगला असं नसतं. ईएन १५०४ या युरोपियन स्टँडर्डमध्ये स्ट्रक्चरल रिपेअरला आर ३ आणि आर ४ असे वर्ग आहेत, दाब सोसायची ताकद किमान २५ आणि ४५ मेगापास्कल, आणि जुनं काँक्रीट मऊ असेल तर त्यावर फार कडक माल लावला की ताण बाँडवर येतो आणि आजूबाजूचंच काँक्रीट फाटतं. जुन्याशी जुळेल तो वर्ग इंजिनिअर निवडतो.

जाता जाता, गंजाने पडलेल्या भेगेत इपॉक्सी इंजेक्शन मारून गप्प बसू नका. भेग बुजते, आतला गंज तसाच फुगत राहतो आणि शेजारी नवीन भेग येते. इंजेक्शन त्या भेगांना जिथे सळई गंजलेली नाही.

पायरी नववी: क्युरिंग, वाऱ्यात

पंधराव्या मजल्यावरचा वारा जमिनीवरच्या वाऱ्यासारखा नसतो, पातळ पॅच तासाभरात वरून वाळतो आणि केसभेगा पडतात. माल लावून झाला की लगेच ओलं गोणपाट आणि वर प्लास्टिक, कडा दाबून, किंवा क्युरिंग कंपाउंड, पण वर पुढे कोटिंग येणार असेल तर ते कंपाउंड त्याला चालतं का ते आधी विचारा. एसबीआरवाला माल पहिला एक-दोन दिवस ओला ठेवून मग हवेत वाळू देतात, पॉलिमरची फिल्म तेव्हाच बनते. मायक्रो काँक्रीटला सात दिवस पाणी. बनवणाऱ्याच्या शीटमध्ये वेगळं लिहिलं असेल तर ते ऐका.

पायरी दहावी: तपासणी आणि वरचा कोट

माल पुरता सेट झाला की तोच हातोडा घेऊन सगळे पॅच परत वाजवा, कडा आधी. बद्द वाजला तो पॅच काढायचा, इंजेक्शन मारून लपवायचा नाही. निवडक ठिकाणी पुल ऑफ टेस्ट (पॅचवर डिस्क चिकटवून ती ओढून काढायची) घ्या आणि नुसता आकडा लिहून मोकळे होऊ नका, डिस्क कुठे तुटली ते बघा. जुन्या काँक्रीटमध्ये तुटली तर बाँड चांगला आहे, सांध्यात स्वच्छ सुटली तर बाँड कोटच्या वेळी काहीतरी बिघडलंय. कामाच्या सुरुवातीलाच एक पॅच नमुना म्हणून करून त्यावर ही टेस्ट घेतली तर पुढच्या शेकडो पॅचची चूक वाचते.

कार्बोनेशनची केस असेल तर शेवटी पूर्ण बाजूला अँटी कार्बोनेशन कोटिंग द्यायचं, फक्त पॅचवर नाही, कारण न फोडलेल्या भागातली सीमा पण सळईकडे निघालेलीच आहे. कोटिंग कार्बन डायऑक्साइडला अडवणारं पण आतली वाफ बाहेर सोडणारं हवं, डेटा शीटमध्ये कार्बन डायऑक्साइडचा एसडी आकडा (तेवढाच अडथळा करणाऱ्या हवेच्या थराची जाडी) ५० मीटरच्या वर आणि वाफेचा ५ मीटरच्या खाली आहे का बघा. साध्या बाहेरच्या रंगाच्या डब्यावर हे दोन आकडे सहसा नसतातच.

कुठल्या मेंबरमध्ये किती खोल फोडलं, कुठल्या गोणीचा बॅच नंबर, कुठे जोडसळई, कुठे अॅनोड, हे सगळं एलिव्हेशनच्या त्याच प्रिंटवर चढवून इमारतीच्या फायलीत ठेवा आणि एक कॉपी सॉफ्ट, पुढच्या वेळी हातोडा घेऊन येणाऱ्याला कुठून सुरुवात करायची ते त्यावरूनच कळेल.